हाताने पीसीआर : कात्री कुठे आहे?

२ जून

सायकलर, म्हणजे पीसीआरचं यंत्र, बंद पडला. झाकण तापत नाही आणि ब्लॉक ९४ अंशांना पोचायच्या आत एरर देऊन थांबतो. दुरुस्तीला किमान तीन आठवडे. माझं काम पानातून डीएनए काढून त्यातला एक जनुक पीसीआरने वाढवायचं, त्याच्या असंख्य नकला काढायच्या. म्हणजे यंत्र नाही तर प्रकल्पही नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "यंत्र करतं काय? नळी गरम करतं, गार करतं. वॉटर बाथ दोन आहेत, हॉट प्लेट आहे. कर हाताने." चेष्टा करतायत असं वाटलं. चेष्टा नव्हती.

सरावाला लॅम्डा फाज या जिवाणूंवरच्या विषाणूचा डीएनए घ्यायचा, त्यातला ५०० जोड्यांचा (डीएनएच्या दोन धाग्यांवरच्या समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्या) तुकडा वाढवायचा, आणि तो जमला की पानाकडे वळायचं.

मदतीला पहिल्या वर्षाची एक मुलगी आली आहे. तिला पीसीआर नेहमीच्या तीन वाक्यांत सांगितलं: उष्णतेने दोन धागे सुटे करायचे, गार करून प्राइमर, म्हणजे डीएनएचे आखूड तयार तुकडे, चिकटवायचे, मग एन्झाइम प्राइमरपासून पुढे नवा धागा विणतं, हे तीस वेळा. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ जोड्यांचा. आपल्याला मधला ५०० जोड्यांचा तुकडा हवा. मग तो कापतं कोण?"

मी म्हटलं, प्राइमर ठरवतात.

"प्राइमर कापतात?"

नाही, कापत नाहीत.

"मग?"

उद्या सांगते म्हटलं. चार वर्षं पीसीआर करतेय आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

३ जून

मांडणी. डावीकडे हॉट प्लेटवर मोठं बीकर, ९४-९५ अंश. मध्ये एक बाथ ५५ला, उजवीकडे दुसरा ७२ला. तिन्हींत वेगळे थर्मामीटर. बाथवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही हे पहिल्या तासातच कळलं: आकडा ५५ दाखवत होता, थर्मामीटर ५२. फोमच्या चकतीला भोकं पाडून त्यात नळ्या अडकवल्या, चकती तरंगते. तापणारं झाकण नसल्याने मिश्रणाची वाफ वर झाकणाला जाऊन बसणार, म्हणून २५ मायक्रोलिटर मिश्रणावर मिनरल ऑइलचा एक थेंब. झाकण तापवणारी यंत्रं यायच्या आधी सगळे हेच करायचे.

खरी डोकेदुखी बीकरची. धागा विणणारं आमचं एन्झाइम, टॅक पॉलिमरेझ, उष्णता सोसतं, पण किती? ९५ अंशांना त्याची ताकद निम्मी व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात, ९७.५ला तेच ९ मिनिटांत होतं. तीस फेऱ्यांत मिळून पंधरा-अठरा मिनिटं नळी त्या बीकरमध्ये असणार. म्हणजे पाण्याला उकळी फुटू देणं परवडणार नाही. पाणी आटतंही भराभर, आणि वरून गार पाणी ओतलं की पारा ८८वर येतो आणि परत चढायला सहा मिनिटं घेतो. शेवटी बाजूला किटलीत पाणी तापतं ठेवलं आणि बीकरच्या तोंडावर फॉइल लावली.

५५ अंशांच्या बाथबद्दल थोडं. सुटे झालेले धागे गार होताना आपल्या जुन्या जोडीदाराकडेच परत का जात नाहीत? हिशेब मांडला. नळीत १ नॅनोग्रॅम लॅम्डा डीएनए, म्हणजे सुमारे १.९ कोटी रेणू. प्राइमर प्रत्येकी ०.२ मायक्रोमोलर, २५ मायक्रोलिटरमध्ये त्यांचे रेणू सुमारे ३ लाख कोटी. एका साच्यामागे, म्हणजे ज्यावरून नक्कल निघते त्या धाग्यामागे, दीड लाखाच्यावर प्राइमर! जुना जोडीदार सापडायच्या आत प्राइमर येऊन जागा धरून बसतो. गर्दीचाच खेळ आहे हा. हाच आकडा पुढे आपल्या अंगावर उलटणार आहे, पण ते नंतर.

४ जून

प्राइमरचा कागद घेऊन बसलो. दोन्ही २० अक्षरांचे. ढोबळ नियम: ए किंवा टीला २ अंश, जी किंवा सीला ४ अंश, बेरीज म्हणजे प्राइमर सुटायचं तापमान. दहा जी-सी आणि दहा ए-टी, म्हणजे ४० अधिक २० बरोबर ६०. त्याच्या पाच अंश खाली ५५. जी-सीमध्ये तीन हायड्रोजन बंध आणि ए-टीमध्ये दोन, म्हणून हा फरक. नियम फक्त आखूड प्राइमरपुरता बरा, पण पहिला अंदाज त्यावरूनच बांधतात.

तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली. एन्झाइम नवा धागा कोऱ्या जागी सुरू करू शकत नाही. धाग्याची दोन टोकं वेगळी असतात, ५ प्राइम आणि ३ प्राइम. आधीच चिकटलेल्या धाग्याच्या ३ प्राइम टोकाला एकेक अक्षर जोडत जाणं एवढंच त्याला येतं. म्हणून प्राइमरचं ३ प्राइम टोक घट्ट बसलेलं हवं. शेपटीकडे, म्हणजे ५ प्राइम टोकाला, एखादं अक्षर चुकलं तरी निभावतं, ३ प्राइम टोकाला चुकलं तर काम अडतं. आणि दोन प्राइमर समोरासमोर तोंड करून बसवायचे, एक या धाग्यावर, दुसरा त्या धाग्यावर. दोघांची तोंडं एकाच दिशेला झाली तर दुपटीची साखळी होतच नाही.

कापण्याचा प्रश्न अजून शिल्लक. तिने आज परत विचारला नाही, पण पाहते आहे माझ्याकडे.

५ जून

पहिली धाव. ९४ला तीन मिनिटं, मग प्रत्येक फेरीत ९४ला ३० सेकंद, ५५ला ३० सेकंद, ७२ला ४५ सेकंद. उचलणं-ठेवणं धरून फेरी अडीच मिनिटांची, तीस फेऱ्या म्हणजे सव्वा तास. फेऱ्या पेन्सिलने रेघा मारून मोजत होतो. सतरावी की अठरावी यावर वाद झाला. मग एका झाकणात तीस यू-पिना घेतल्या आणि प्रत्येक फेरीला एक पिन दुसऱ्या झाकणात. वाद मिटला.

संध्याकाळी जेल, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून बघायची जाळी. लॅडरच्या (शेजारी मापाला लावलेल्या, माहीत लांबीच्या तुकड्यांच्या) पट्ट्या झकास, आमच्या नळ्यांच्या रांगा कोऱ्या. एकदम कोऱ्या.

६ जून

कारण सापडलं, आणि बीकर, बाथ, हात या कुणाचाच त्यात दोष नाही. फ्रीझरमध्ये बफरच्या दोन नळ्या होत्या, एक मॅग्नेशियमसकट, दुसरी मॅग्नेशियमविना. दुसऱ्या प्रकारात मॅग्नेशियम क्लोराइड वेगळं घालायचं असतं. मी ती उचलली आणि काही घातलं नाही. झाकणावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. आता माझ्या हस्ताक्षरात जाड लिहिलं आहे.

मॅग्नेशियमशिवाय टॅक म्हणजे हात बांधलेला कारागीर. अक्षर जोडताना एन्झाइमच्या खोबणीत मॅग्नेशियमचे दोन आयन लागतात: एक धाग्याच्या ३ प्राइम टोकाला जोडणीसाठी तयार करतो, दुसरा येणाऱ्या अक्षराच्या फॉस्फेटची शेपटी सांभाळतो. शिवाय सुटी अक्षरंही काही मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतात, त्यामुळे अक्षरं वाढवली की मॅग्नेशियमही वाढवावं लागतं. नेहमीचं प्रमाण १.५ मिलिमोलरच्या आसपास. फार जास्त झालं तर एन्झाइम ढिलं पडतं, नको तिथे चिकटलेल्या प्राइमरलाही पुढे नेतं.

७ जून

परत धाव. आज मनगट दुखलं. वीस फेऱ्यांनंतर हात आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं, म्हणून तिला इतिहास सांगत बसले.

कॅरी मलिसला ही कल्पना १९८३ मध्ये सुचली, रात्री कॅलिफोर्नियात गाडी चालवताना. तो तेव्हा सीटस कंपनीत होता. दोन प्राइमर वापरून डीएनएची नक्कल करायची कल्पना त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, हरगोबिंद खोराना यांच्या प्रयोगशाळेतून क्लेप्पे यांनी कागदावर मांडलेली होती. पण तेव्हा प्राइमर बनवणंच महाकठीण, मग ती तशीच राहिली. सीटसमधल्यांनी १९८५ मध्ये सायन्स या नियतकालिकात बीटा-ग्लोबिन जनुकावरचं काम छापलं, सिकल सेलच्या निदानासाठी. त्या कामात एन्झाइम ई. कोलाय या जिवाणूचं, त्याच्या पॉलिमरेझचा क्लेनो नावाचा तुकडा. ९५ अंशांना ते मरतं. म्हणजे दर फेरीनंतर नळी उघडायची, ताजं एन्झाइम घालायचं, बंद करायची, पुढची फेरी. हे हाताने करून कंटाळलेल्या लोकांनी एन्झाइम घालणारं यंत्र बनवलं आणि त्याला नाव दिलं मिस्टर सायकल.

आमची तक्रार तिथेच विरली. आम्ही तरी नळी उघडत नाही.

ती सोय टॅकने केली. थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला, १९६९ मध्ये त्यांनी त्याची नोंद छापली. त्याचं पॉलिमरेझ १९७६ मध्ये वेगळं झालं, आणि पीसीआरमध्ये ते आल्याचं १९८८ मध्ये सायन्समध्ये छापून आलं. गरम झऱ्यात जिवाणू कसे जगतात, एवढंच बघायला ब्रॉक गेले होते. मलिसला १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मायकेल स्मिथबरोबर मिळालं. खोरानांना नोबेल आधीच, १९६८ मध्ये, मिळालेलं होतं, तेही दुसऱ्या कामासाठी.

८ जून

आला!

जेल दीड टक्क्याचं, १०० व्होल्ट, चाळीस मिनिटं. वेलमध्ये, म्हणजे जेलच्या खाचेत, नमुना सोडताना टिप पाण्याखाली नेऊन अंगठा हळू दाबायचा. रंगातल्या ग्लिसरॉलमुळे निळा थेंब धुरासारखा खाली बसतो. आज हात स्थिर होता. डीएनएच्या कण्याला फॉस्फेटचा ऋण भार, म्हणून तो काळ्या (ऋण) तारेकडून लाल (धन) तारेकडे पळतो, आणि आखूड तुकडा जाळीतून लवकर सरकतो. निळ्या दिव्याखाली धरलं: लॅडरच्या ५०० च्या रेघेशी बरोबर आडवी एक ठळक पट्टी, तीनही नळ्यांत. डीएनए न घातलेली नळी कोरी. त्या कोऱ्या रांगेच्या अगदी खाली एक धूसर डाग होता, प्राइमर एकमेकांना चिकटून वाढले त्याचा. तो चालतो.

मुलगी म्हणाली, "एकच पट्टी. म्हणजे ४८ हजारांतून पाचशेच उरले. ताई, आता तरी सांगा."

९ जून

सुट्टी. घरी कागदाच्या पट्ट्या कापून बसले. पांढऱ्या लांब पट्ट्या मूळ धाग्यांच्या, एक प्राइमर लाल, एक निळा.

पहिली फेरी. लाल प्राइमर एका लांब धाग्यावर बसतो आणि एन्झाइम पुढे धावतं. त्याला थांबायला कुणी सांगितलेलं नाही. टॅक ७२ अंशांच्या आसपास सेकंदाला पन्नास-साठ अक्षरं जोडतं, तेव्हा ४५ सेकंदांत दोन-अडीच हजार अक्षरं विणून होतात, मग ९४चं बीकर येतं आणि सगळं सुटतं. म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात पक्की, लालवर. शेवट मात्र कुठेही, भरकटलेला. दुसऱ्या बाजूने निळ्याचंही तेच. पहिल्या फेरीत मला हवा तसा तुकडा एकही नाही.

दुसरी फेरी. आता तो लालपासून सुरू झालेला धागा साचा म्हणून समोर येतो. त्यावर निळा प्राइमर बसतो आणि एन्झाइम लालच्या दिशेने धावतं. धावत लालपाशी येतं, आणि रस्ताच संपतो. पुढे साचाच नाही! कारण हा साचा तिथूनच, लाल प्राइमरपासूनच, सुरू झाला होता.

पट्टी हातात धरून मी बराच वेळ तशीच बसले. कात्री नाहीच. प्राइमर फक्त सुरुवात करून देत नाही, तो नव्या धाग्यातच राहून त्याचं टोक होतो, आणि पुढच्या फेरीत तेच टोक समोरून येणाऱ्या एन्झाइमसाठी कडा बनतं. दुसऱ्या फेरीत दोन्ही टोकं पक्की असलेला धागा प्रथम तयार होतो, पण त्याचा जोडीदार अजून लांबच असतो. तिसऱ्या फेरीत आखूड धाग्यावर आखूड धागा विणला जातो आणि ५०० जोड्यांचा नेमका तुकडा पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी पूर्ण होतो.

मग मोजणी. एका मूळ डीएनएपासून सुरुवात केली तर मूळ धागे कायम दोनच. अर्धवट लांब धागे दर फेरीला फक्त दोन वाढतात, कारण ते मूळ धाग्यांवरूनच निघतात. बाकी सगळे आखूड. पहिल्या फेरीनंतर एकूण चार धागे: दोन मूळ, दोन लांब, आखूड शून्य. दुसरीनंतर आठ: दोन, चार, दोन. तिसरीनंतर सोळा: दोन, सहा, आठ. तिसाव्या फेरीनंतर लांब धागे साठ, आणि आखूड दोनशे कोटींच्या वर. साठ विरुद्ध दोनशे कोटी. जेलवर एकच पट्टी दिसते ती म्हणून. लांब धागे आजही त्या नळीत आहेत, फक्त दिसण्याइतके नाहीत.

बारीकसा अपवाद: टॅक टोकाला पोचल्यावर साच्यात नसलेलं एक जास्तीचं ए बऱ्याचदा चिकटवतं. क्लोनिंग करणारे, म्हणजे तुकडा जिवाणूत घालून वाढवणारे, त्या ए चा फायदा घेतात. जेलवर ते कळत नाही.

१० जून

पट्ट्या टेबलावर मांडून तिला दाखवल्या. मध्येच माझ्या हातातून घेऊन तिने तिसरी फेरी स्वतः मांडली. मग म्हणाली, "म्हणजे प्राइमरच्या शेपटीला आपण काहीही जोडलं तर ते पण तुकड्यात येईल?" येतं. तसंच करतात लोक, तुकड्याच्या टोकाला हवी ती अक्षरं लावायला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

११ जून

आज तिसाव्या फेरीचं प्रकरण. जिथे तिथे सांगतात, दोनचा तिसावा घात १०७ कोटी, म्हणजे एका रेणूपासून १०७ कोटी रेणू. एका रेणूपासून, ठीक. आपण १.९ कोटींपासून सुरू करतोय. तीस फेऱ्या अचूक दुपटीने चालल्या तर वीस हजार लाख कोटी रेणू व्हायला हवेत, आणि आपल्याकडे प्रत्येक प्राइमर फक्त ३ लाख कोटी. प्रत्येक नव्या धाग्याला एक प्राइमर खर्ची पडतो, परत मिळत नाही. ३ लाख कोटी भागिले १.९ कोटी म्हणजे दीड लाखाच्या पुढे, म्हणजे जेमतेम सतरा दुपटी. प्रत्यक्षात त्याच्याही आधी दुपटीचा वेग पडतो, कारण तयार तुकडे इतके होतात की गार होताना तेच एकमेकांना जाऊन मिळतात. गर्दीच्या जोरावर प्राइमर जिंकत होते, ती गर्दी आता तुकड्यांची झालेली असते.

मॅडमना दाखवलं. "मग सिद्ध कर."

सहा नळ्या एकाच मास्टर मिक्समधून, म्हणजे एकदाच केलेल्या मिश्रणातून. ५, १०, १५, २०, २५, ३० फेऱ्यांनंतर एकेक काढून बर्फात.

१२ जून

जेल. ५: काही नाही. १०: काही नाही, मान वाकडी करून बघितलं तरी नाही. १५: पुसट, आहे हे माहीत असलं तर दिसते. २०: ठळक. २५: थोडी आणखी ठळक. ३०: पंचविसाव्याची सख्खी बहीण. शेवटच्या पाच फेऱ्या, म्हणजे साडेबारा मिनिटं, आम्ही बिनकामाच्या नळ्या पाण्यात बुडवत होतो. यापुढे लॅम्डाला २२ फेऱ्या.

पुसट पंधरावीचा हिशेबही बसतो. हाताच्या धावेत दुपटीऐवजी फेरीला १.७ पट धरली तर पंधरा फेऱ्यांत सुमारे २,८६० पट. १ नॅनोग्रॅम लॅम्डात आपला तुकडा साधारण शंभरावा हिस्सा, म्हणजे नळीत ३० नॅनोग्रॅमच्या आसपास. आम्ही पाचवा हिस्सा लोड केला, म्हणजे सहा. आमच्या रंगाला एवढं जेमतेम दिसतं.

१४ जून

कोऱ्या नळीत पट्टी. ५०० वर. डीएनए घातलाच नव्हता.

कुणाचा दोष शोधायला लांब जायला नको. १२ तारखेला जेल लोड करताना मी जे पिपेट वापरलं, त्याच पिपेटने आज मास्टर मिक्स केलं. तयार नळीत २५ मायक्रोलिटरमध्ये लाख कोटीच्या घरात तुकडे असतात. त्यातून डोळ्याला न दिसणारा एक तुषार, मायक्रोलिटरचा दहा हजारावा भाग, उडून पिपेटच्या आत बसला तरी त्यात चाळीस लाख तुकडे. पीसीआरला एक पुरतो.

१५ जून

सगळं पाणी फेकलं, बफर नवा, टेबल आणि पिपेटचा दांडा ब्लीचच्या पाण्याने पुसला. मिश्रण करायचं टेबल खिडकीकडे, जेल दुसऱ्या खोलीत, आणि दोन्हीकडची पिपेट वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीची. तयार नळ्या मिश्रणाच्या टेबलाकडे आणायच्या नाहीत, विसरून सुद्धा. संध्याकाळची धाव: कोरी नळी कोरी.

१८ जून

पान. जास्वंदीचं कोवळं पान घेतलं, खल-बत्त्यात वाटलं, सीटॅब या रसायनाने डीएनए काढला. शेवटी अल्कोहोलमध्ये पांढरा धागा दिसायला हवा. दिसला शेंबडासारखा गोळा. जास्वंदीच्या पानात बुळबुळीत पदार्थ असतो, पाण्यात चुरगाळलं की बोटांना कळतोच. ती साखरेची लांब साखळी डीएनएबरोबरच खाली बसते.

जनुक आरबीसीएल घेतला. प्रकाशसंश्लेषणातल्या रुबिस्को या एन्झाइमचा मोठा भाग बनवणारा, हरितलवकाच्या डीएनएवरचा, आणि २००९ पासून वनस्पती ओळखायच्या दोन ठरलेल्या बारकोडांपैकी एक. एका पेशीत हरितलवकं पुष्कळ, म्हणून साच्याची कमतरता नसणार. ३५ फेऱ्या. जेल कोरं.

१९ जून

पीसीआर कोरा येतो तेव्हा दोन शंका असतात: साचाच नाही, की काहीतरी अडवतंय? वेगळं करायची सोपी युक्ती मॅडमची. लॅम्डाची चांगली चालणारी प्रतिक्रिया घ्यायची आणि त्यात पानाचा अर्क १ मायक्रोलिटर घालायचा. अर्काशिवायची नळी चालली. अर्क घातलेली बंद! म्हणजे अर्क एन्झाइमची वाट अडवतोय. डीएनए असेल-नसेल तो पुढचा प्रश्न.

मग अर्क दहापट, पन्नासपट, शंभरपट पातळ केला. उलटं वाटतं, डीएनए कमी करून तुकडा जास्त कसा मिळेल. पण डीएनए शंभरपट कमी झाला तर सहा-सात फेऱ्या जास्त लागतात, एवढंच. अडवणारा पदार्थ शंभरपट कमी झाला तर अडवणंच थांबतं.

२० जून

दहापट: कोरं. पन्नासपट: ६०० च्या जरा खाली एक स्वच्छ पट्टी. शंभरपट: तीच, किंचित फिकी. कोरी नळी कोरी. मुलीने जेलचा फोटो वहीत चिकटवला आणि तारीख घातली, मी सांगायच्या आत.

अनुक्रम वाचायला पाठवलं. टॅकला चूक खोडता येत नाही, चुकीचं अक्षर जोडलं तर मागे वळून ते काढायची सोय त्याच्यात नाही. तरी चिंता नाही: चुका प्रत्येक धाग्यात वेगळ्या जागी पडतात, आणि सगळे धागे एकदम वाचले जातात, त्यामुळे एकट्या-दुकट्याची चूक बहुमतात बुडते. एखादा एकच तुकडा उचलून क्लोन करायचा असता तर चूक दुरुस्त करणारं एन्झाइम घेतलं असतं, पीएफयूसारखं.

२४ जून

सायकलर परत आला. लॅम्डाची चाचणी धाव लावली, झाकण खटकन बंद केलं आणि करायला काहीच उरलं नाही. दोघी यंत्राच्या पडद्याकडे बघत उभ्या होतो. तिने सवयीने यू-पिनांचं झाकण जवळ ओढलं होतं.

२७ जून

अनुक्रम आला. दोन्ही बाजूंनी वाचून जोडला: ५९९ अक्षरं. डेटाबेसशी ताडायला घेत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, थांबा. पहिली २६ आणि शेवटची २० झाडाची नाहीत. ती आपल्या प्राइमरची आहेत. झाडात तिथे वेगळं अक्षर असलं तरी इथे आपलंच दिसणार."

बरोबर होतं. एका प्राइमरमध्ये तर एका जागी ए किंवा जी असं मिश्रणच मागवलेलं आहे. तिथे झाडाला काय म्हणायचं होतं ते हा तुकडा सांगूच शकत नाही. कागदावर तिने दोन्ही टोकांना पेन्सिलने उभ्या रेघा मारल्या, मग कात्री आणली आणि कागद खरंच कापला. मधली ५५३ अक्षरं माझ्यापुढे ठेवली. ताडून पाहिली, जास्वंदीच्या कुळात नेमकी जाऊन बसली.